किल्ली मुकी की मोटार बहिरी?

मोटारीचे दार उघडण्यासाठी किल्ली कुलपात घालून फिरवण्याचे दिवस आता मागे पडत चालले आहेत. पंधरा-वीस पावलांवरून किल्लीवरचे बटण दाबले की ‘टक्’ असा आवाज होतो, बाजूचे दिवे एकदा लुकलुकतात आणि चारही दारांची कुलपे एकदम उघडतात. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या तळोद्यातसुद्धा अशा मोटारी आता रोज दिसतात आणि त्यांचे कोणाला नवल वाटत नाही.

नवल वाटते ते एखाद्या दिवशी बटण दाबूनही काही झाले नाही म्हणजे! अशा वेळी माणसे काय करतात ते पाहा. प्रथम बटण अधिक जोराने दाबतात. मग किल्ली तळहातावर आपटतात. त्यानेही भागले नाही तर आतला घट बदलतात. तरी मोटार ढिम्म! शेवटी कोणीतरी सांगते, “किल्ली गेली, नवी मागवा.” नव्या किल्लीला काही हजार रुपये पडतात. ती येते आणि पुष्कळदा असे आढळते, की दोष किल्लीत नव्हताच.

मित्रहो, डॉक्टर रोग्याला आधी औषध देऊन नंतर तपासतात का? नाही. ते आधी प्रश्न विचारतात, तपासतात, एकेक शक्यता वगळतात आणि मगच औषध लिहून देतात. यंत्राच्या दोषाचे निदानही याच रीतीने करता येते. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दहावीपर्यंतचे पदार्थविज्ञान आणि थोडा संयम एवढी सामग्री पुरते. या लेखात आपण ही किल्ली तपासायला शिकू.

पाच कड्यांची साखळी

दुरून उघडणारे कुलूप फार जुने नाही. फ्रान्समधील रेनॉ कंपनीच्या ‘फ्यूगो’ या मोटारीत १९८२ साली ते प्रथम आले. त्या किल्लीतून अवरक्त किरण निघत. दूरदर्शन संचाच्या रिमोटप्रमाणे ती मोटारीच्या दिशेने नीट धरावी लागे. पुढे अवरक्त किरणांची जागा रेडिओ लहरींनी घेतली. त्यांना नेम धरण्याची गरज नसते. त्या काचेतून, कापडातून आणि तुमच्या खिशातूनही पलीकडे जातात.

तुम्ही बटण दाबता आणि दार उघडते, या दोन घटनांच्या मध्ये पाच कामे एकामागून एक घडतात.

१. बोलणे : किल्लीतील छोटा प्रक्षेपक घटातून शक्ती घेऊन संदेश पाठवतो.
२. वाट : तो संदेश रेडिओ लहरींच्या रूपाने हवेतून मोटारीपर्यंत जातो.
३. ऐकणे : मोटारीतील ग्राहक तो संदेश टिपतो.
४. ओळखणे : संदेश आपल्याच किल्लीचा आहे का, हे मोटारीतील संगणक ठरवतो.
५. करणे : ओळख पटली तर दारांतील लहान विद्युत् मोटरींना प्रवाह मिळतो आणि कुलपे सरकतात.

साखळीची कोणतीही एक कडी तुटली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे दार उघडत नाही. म्हणून दार उघडत नाही एवढ्यावरून ‘किल्ली बिघडली’ असे म्हणणे, हे ताप आला एवढ्यावरून ‘हिवताप झाला’ असे म्हणण्यासारखे आहे. आपल्याला शोधायचे आहे ते हे : किल्ली मुकी झाली, मोटार बहिरी झाली, वाटेत गोंगाट आहे, ओळख पटत नाही की हातपायच हलत नाहीत?

हत्यारावाचून चार प्रश्न

पहिली तपासणी करायला एकही हत्यार लागत नाही. पुढील चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढा.

पहिला प्रश्न : चालकाच्या दारावर आतून सगळी कुलपे लावण्याचे बटण असते. त्याने कुलपे नीट लागतात व उघडतात का? लागत असतील तर पाचवी कडी शाबूत आहे. फ्यूज, दारांतील मोटरी आणि त्यांच्या तारा यांच्याकडे पाहण्याची गरज उरली नाही. एकाच प्रश्नाने अर्धी मोटार आपण संशयातून वगळली!

दुसरा प्रश्न : मोटारीबरोबर मिळालेली दुसरी किल्ली चालते का? ती चालत असेल तर मोटार बहिरी नाही हे सिद्ध झाले. दोष पहिल्या किल्लीत आहे. दोन्ही चालत नसतील तर दोन्ही किल्ल्या एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता फार थोडी. तेव्हा संशय मोटारीवर किंवा त्या जागेवर घ्यावा.

तिसरा प्रश्न : किल्ली अगदी काचेजवळ नेल्यावर चालते का? जवळून चालते आणि दुरून चालत नाही याचा अर्थ किल्ली मुकी नाही, तिचा आवाज क्षीण झाला आहे. किंवा मोटारीला कमी ऐकू येत आहे.

चौथा प्रश्न : मोटार दुसऱ्या जागी नेल्यावर चालते का? चालत असेल तर किल्लीही चांगली आणि मोटारही चांगली. दोष त्या जागेत आहे.

आणखी एक गोष्ट तपासा. एखादे दार किंचित उघडे राहिले असेल किंवा इंजिन चालू करायची किल्ली आत अडकवलेली असेल, तर पुष्कळ मोटारी दुरून आलेला हुकूम मुद्दामच पाळत नाहीत. हा दोष नव्हे, तो नियम आहे. मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असे नियम दिलेले असतात. ती पुस्तिका सहसा कोणी उघडत नाही, तुम्ही मात्र उघडा.

तीन व्होल्टचे कोडे

आता किल्लीकडे वळू. तिच्यात नाण्यासारखा चपटा लिथियम घट असतो. त्यावर पुष्कळदा ‘सीआर २०३२’ असे छापलेले आढळते. या आकड्यांत त्याचे माप दडलेले आहे. व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. त्याचा विद्युत्दाब सुमारे ३ व्होल्ट असतो.

घट संपला आहे का, हे पाहण्यासाठी आपण तो मल्टिमीटरला जोडतो. काटा किंवा आकडा ३ व्होल्ट दाखवतो. आपण म्हणतो, “घट उत्तम आहे.” इथेच पुष्कळ जण फसतात.

मल्टिमीटर घटातून जवळजवळ प्रवाहच घेत नाही. विश्रांती घेत बसलेल्या माणसाकडे पाहून त्याला किती ओझे उचलता येईल ते सांगता येत नाही, तसेच हे आहे. घट जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. किल्ली संदेश पाठवताना क्षणभर १०–१५ मिलिअँपिअर प्रवाह मागते. तेवढ्यात अंतर्गत रोधामुळे घटाचा दाब खाली घसरतो. तुम्ही शिकलेले सूत्र आठवा :

मिळणारा दाब = मूळ दाब − (प्रवाह × अंतर्गत रोध)

म्हणून घटाला थोडे काम देऊन तपासले पाहिजे. २२० ओहमचा एक रोधक घटाच्या दोन टोकांना दोन-तीन सेकंदच जोडा आणि तेवढ्यात दाब मोजा. समजा, नव्या घटाचा दाब रोधकावाचून ३.२ व्होल्ट आणि रोधकासह ३.० व्होल्ट आला. रोधकातील प्रवाह ३.० ÷ २२०, म्हणजे सुमारे १३.६ मिलिअँपिअर. दाब ०.२ व्होल्टने घटला. म्हणून अंतर्गत रोध सुमारे १५ ओहम.

आता जुन्या घटाचा दाब रोधकावाचून ३.० आणि रोधकासह २.० व्होल्ट आला असे समजा. प्रवाह २.० ÷ २२०, म्हणजे ९.१ मिलिअँपिअर. दाब १ व्होल्टने घटला. अंतर्गत रोध निघाला सुमारे ११० ओहम! हा घट किल्लीतील लाल दिवा लावू शकेल. पण संदेश पाठवताना बारा मिलिअँपिअर मागितले, तर दाब १.७ व्होल्टपर्यंत खाली येईल. तेवढ्यावर बहुतेक प्रक्षेपकांचे भागणार नाही. यावरून हेही कळते, की किल्लीवरचा दिवा लागला म्हणजे संदेश गेलाच असे नाही. दिव्याची भूक लहान आणि प्रक्षेपकाची मोठी.

थंडीत घटातील रासायनिक क्रिया मंदावते व अंतर्गत रोध आणखी वाढतो. आमच्या जिल्ह्यात सातपुड्यातील डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याच्या बातम्या येतात. अशा ठिकाणी “पहाटे चालत नाही, उन्हे आल्यावर चालते” अशी तक्रार कानावर आली, तर प्रथम संशय घटावर घ्यावा.

घट चांगला असेल तर त्याला धरून ठेवणाऱ्या पितळी पट्ट्या पाहा. घामाने व पावसाळी दमटपणाने त्यांवर हिरवट थर चढतो. पेन्सिलीचे लिहिलेले खोडायचे रबर हलकेच घासले तर तो निघतो. पट्टी सैल झाली असेल तर किंचित वाकवावी. बटणाखालील संपर्कही वर्षानुवर्षांच्या दाबण्याने झिजतो. ‘उघड’चे बटण चालत नाही पण ‘लाव’चे चालते, अशी स्थिती असेल तर घट आणि प्रक्षेपक दोन्ही निर्दोष आहेत आणि दोष फक्त त्या एका बटणाखाली आहे, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

लहान तोंड, लांब लहर

भारतात आणि युरोपात पुष्कळशा किल्ल्या ४३३.९२ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर बोलतात. अमेरिकेत व जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्झ अधिक प्रचारात आहे. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ३० कोटी मीटर भागिले ४३.३९२ कोटी, उत्तर येते सुमारे ६९ सेंटिमीटर. चांगल्या सरळ अँटेनाची लांबी निदान तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे १७ सेंटिमीटर तरी असावी. किल्ली तर सारी मिळून सात-आठ सेंटिमीटर! त्यामुळे आतील फळीवर तांब्याची एक वळलेली रेघ काढून तिच्यावरच अँटेनाचे काम भागवलेले असते. घटातून घेतलेल्या शक्तीचा फार थोडा भाग लहरींच्या रूपाने बाहेर पडतो.

मोकळ्या जागेत लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणून प्रक्षेपणाची शक्ती चौथाई झाली तर पल्ला चौथाई होत नाही, निम्मा होतो. चाळीस पावलांवरून चालणारी किल्ली वीस पावलांवर आली, की तिची शक्ती एक चतुर्थांशावर आली असे ढोबळमानाने समजावे. पल्ला हा असा फुकटचा मोजमापक आहे. महिन्यातून एकदा तो पावलांनी मोजून वहीत लिहून ठेवला, तर किल्ली बंद पडण्याच्या बऱ्याच आधी तिची प्रकृती कळेल.

इथे एक मजेदार प्रयोग करता येतो. पल्ल्याच्या थोडे बाहेर उभे राहून बटण दाबा. मोटार ऐकणार नाही. आता किल्ली हनुवटीखाली टेकवून त्याच जागेवरून दाबा. पुष्कळदा दार उघडते! आपल्या डोक्यात भरपूर पाणी व क्षार आहेत. किल्लीच्या लहरींनी त्यांतील विद्युत्भार पुढेमागे आंदोलित होतात आणि लहानशा किल्लीला मोठ्या अँटेनाची जोड मिळते. पाण्याने भरलेल्या मोठ्या बाटलीला किल्ली टेकवूनही हा परिणाम पाहता येतो. रात्री आडरस्त्यावर क्षीण घटाकडून एकदा काम करून घ्यायचे असेल, तर ही युक्ती लक्षात ठेवा.

दूरदर्शनच्या रिमोटचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून लुकलुकताना दिसतो, म्हणून कोणी मोटारीची किल्लीही तशीच तपासतात आणि “दिवा दिसत नाही, म्हणजे बिघडली” असे ठरवतात. पण ही किल्ली अवरक्त किरण पाठवतच नाही. कॅमेऱ्याला काय दिसणार? तपासणीचे साधन तपासायच्या वस्तूला साजेसे हवे. शाळेच्या प्रयोगशाळेत ४३३ मेगाहर्ट्झचा छोटा ग्राहक-संच असेल तर तो उपयोगी पडेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत असे संच मिळतात. आपल्या घरच्या किल्लीवरच तो वापरावा. दुसऱ्याच्या मोटारीचे संदेश टिपणे हे कुलपाशी खेळणे आहे.

वाटेतला गोंगाट

वर्गात सगळे एकदम बोलू लागले, तर शिक्षकांचा आवाज लहान झालेला नसतो, तरी तो ऐकू येत नाही. लहरींचेही तसेच आहे. संदेश पोचेल की नाही हे नुसत्या संदेशाच्या ताकदीवर ठरत नाही. संदेश आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावर ठरते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील ओहायो राज्यात २०१९ साली घडले. क्लीव्हलँडजवळच्या नॉर्थ ओल्मस्टेड या गावाच्या एका भागात मोटारींच्या किल्ल्या आणि गॅरेजची दारे उघडणारे रिमोट एकाएकी चालेनासे झाले. लोकांनी घट बदलून पाहिले, उपयोग झाला नाही. एकाच वेळी अनेकांच्या किल्ल्या बंद पडाव्यात, आणि त्याही एकाच वस्तीत, याचा अर्थ दोष किल्ल्यांत नाही, जागेत आहे. आपला चौथा प्रश्न तो हाच! जाणकारांनी लहरी मोजण्याची उपकरणे घेऊन शोध घेतला. ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपास सतत चालू असलेला एक प्रबळ संदेश सापडला. एका रहिवाशाने घरात कोणी आले तर आपल्याला कळावे म्हणून हाताने एक उपकरण बनवले होते आणि ते अखंड बोलत होते. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. उपकरण बंद करताच सगळ्यांच्या किल्ल्या पुन्हा चालू लागल्या.

आपल्या महाराष्ट्रातही गोंगाटाचा विचार फार बारकाईने करणारी एक जागा आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण आकाशातील अतिक्षीण रेडिओ लहरी टिपते. तिचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झ असा आहे. म्हणजे तुमच्या किल्लीची ४३३.९२ मेगाहर्ट्झची हाक त्याच पट्ट्यात येते! ही जागा निवडताना माणसाने केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी आहे, याचाही विचार केला होता. दूरच्या दीर्घिकेची लहर टिपणारा खगोलशास्त्रज्ञ आणि दार उघडत नाही म्हणून त्रासलेला मोटारमालक यांच्यापुढचा प्रश्न मुळात एकच आहे.

मोटारीतील इलेक्ट्रॉनिक्सने इतरांना त्रास देऊ नये आणि इतरांच्या गोंगाटात स्वतः बिघडू नये, याच्या चाचण्या आपल्या देशात घेतल्या जातात. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारतीय मोटार संशोधन संस्थेत, म्हणजे ‘एआरएआय’मध्ये, त्यासाठी प्रयोगशाळा आहे. पण मोटारीत नंतर बाजारातून घेऊन बसवलेला स्वस्त चार्जर किंवा दिवा अशा चाचण्यांतून गेलेलाच असतो असे नाही. म्हणून किल्लीचा पल्ला अचानक कमी झाला तर गेल्या आठवड्यात मोटारीत नवे काय बसवले, हे जरूर विचारा. ते काढून पाहा आणि पल्ला पुन्हा मोजा.

गोंगाट कोणी मुद्दामही करतो. गर्दीच्या ठिकाणी तुम्ही ‘लाव’चे बटण दाबता त्याच क्षणी चोर आपला प्रक्षेपक चालू करतो. तुमचा संदेश बुडतो आणि दार उघडेच राहते. यावर सोपा उपाय म्हणजे दिवे लुकलुकले का ते पाहावे आणि निघताना दाराची मूठ एकदा ओढून पाहावी.

ऐकू येते, पण ओळख पटत नाही

किल्ली दर वेळी तोच संदेश पाठवत असती, तर चोराने तो एकदा टिपून हवा तेव्हा पुन्हा ऐकवला असता. म्हणून दर वेळी नवा संदेश पाठवण्याची युक्ती निघाली. अशा पद्धतींपैकी ‘कीलॉक’ ही एक प्रसिद्ध पद्धत. तिचा जन्म १९८० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत झाला आणि १९९५ साली अमेरिकेतील मायक्रोचिप कंपनीने तिचे हक्क विकत घेतले. तिचे तत्त्व सोपे आहे.

किल्लीत एक गणकयंत्र असते. प्रत्येक दाबण्याबरोबर त्यातील आकडा एकाने वाढतो. तो आकडा गुप्त रीतीने कालवून पाठवला जातो. मोटारीला ती गुप्त रीत ठाऊक असते. ती आकडा सोडवून काढते आणि आपल्याजवळच्या शेवटच्या आकड्याशी ताडून पाहते. आलेला आकडा थोडा पुढचा असेल तर दार उघडते. मागचा असेल तर संदेश शिळा समजून नाकारते.

‘थोडा पुढचा’ म्हणजे किती? या पद्धतीच्या नेहमीच्या रचनेत १६पर्यंत. आता समजा, घरातील लहान मुलाने मोटारीपासून दूर बसून बटणाशी खेळता खेळता ते वीस वेळा दाबले. किल्ली वीस आकडे पुढे गेली, मोटार जागच्या जागी राहिली. पुढच्या वेळी बटण दाबल्यावर मोटार ऐकेल पण दार उघडणार नाही. फक्त तो आकडा लक्षात ठेवील. लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर त्याच्या लगतचा आकडा आला, की तिची खात्री पटेल आणि दोघांचे आकडे पुन्हा जुळतील. म्हणून “पहिल्यांदा चालली नाही, दुसऱ्यांदा चालली” ही तक्रार एखाद्याच वेळची असेल, तर तो बिघाड नसून सुरक्षिततेची रीत असू शकते. हजारो आकड्यांचे अंतर पडले किंवा मोटारीच्या स्मृतीतून किल्लीची नोंदच गेली, तर मात्र ओळख नव्याने करून द्यावी लागते. काही मोटारींत ती पुस्तिका वाचून घरी करता येते, काहींत कार्यशाळेतच.

या गणकयंत्रात १६ द्विमान अंक असतील तर त्याला ६५,५३६ आकडे मोजता येतात. रोज दहा वेळा बटण दाबले तरी ते संपायला जवळजवळ अठरा वर्षे लागतील. करून पाहा हा हिशेब! अर्थात कोणतेही कुलूप अभेद्य नसते. २००८ साली संशोधकांनी कीलॉकची गुप्त चावी किल्लीच्या वीजवापरातील चढउतार मोजून शोधून काढता येते असे दाखवून दिले, आणि त्यानंतर अधिक मजबूत पद्धतींची निकड सर्वांना पटली.

दार उघडते, इंजिन चालत नाही

इथे एक गोंधळ दूर करू. दाराचा संदेश आणि इंजिन सुरू करण्याची परवानगी ही दोन निरनिराळी कामे आहेत. किल्लीच्या मुठीत बहुधा आणखी एक सूक्ष्म मंडल असते. त्याला घट लागत नाही. इंजिनाच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सामान्यतः सुमारे १२५ किलोहर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह वाहतो. किल्ली जवळ येताच तिच्यातील चिमुकल्या वेटोळ्यात विद्युत्प्रवर्तनाने प्रवाह निर्माण होतो आणि त्याच उसन्या शक्तीवर ती आपली ओळख सांगते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लावलेला शोध तो हाच.

म्हणून घट पार संपला तरी इंजिन सुरू होऊ शकते. बटणाने सुरू होणाऱ्या मोटारींतही किल्ली त्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवली, की पुष्कळदा काम होते. उलट दारे दुरून उघडतात पण इंजिन चालत नाही आणि समोर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो, तर घट बदलून काही उपयोग नाही. दोष दुसऱ्या मंडलात आहे.

हातपाय हलत नाहीत

तीन दारे उघडतात, चौथे उघडत नाही. या वेळी किल्लीला दोष देणे म्हणजे एका मुलाने गृहपाठ केला नाही म्हणून फळ्याला दोष देणे! संदेश पोचला नसता तर एकही दार उघडले नसते. अशा वेळी दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी पाहावी. तिच्यातून जाणाऱ्या तारा दार उघडताना वाकतात. दिवसातून वीस वेळा दार उघडले तर सात वर्षांत त्या पन्नास हजारांहून अधिक वेळा वाकतात. तारेचे वरचे आवरण शाबूत आणि आतले तांबे तुटलेले, असे पुष्कळदा आढळते.

एकही दार हलत नाही आणि आतले दिवेही मंद आहेत, तर मोटारीच्या मोठ्या बॅटरीकडे पाहा. पूर्ण भारित बॅटरीचा दाब विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. ती उतरली की ग्राहक बहिरा होतो आणि मोटरीही लुळ्या पडतात.

दोन धोके, जे विसरायचे नाहीत

पहिला : लहान मूल आत आणि कुलूप लागलेले, अशी वेळ आली तर निदान करत बसू नका. आमच्या खानदेशातील वैशाखाच्या उन्हात बंद मोटार काही मिनिटांतच भट्टीसारखी तापते. पुष्कळशा रिमोट किल्ल्यांच्या पोटात एक साधी धातूची किल्ली असते आणि दाराला तिच्यासाठी कुलूपही असते. ती कशी काढायची हे घरातील प्रत्येकाने आजच शिकून ठेवावे. ती हाताशी नसेल तर मुलापासून सर्वांत दूर असलेली काच फोडावी. काच पुन्हा बसवता येते.

दुसरा : काढलेला नाण्यासारखा घट इकडेतिकडे टाकू नका. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलसर पेशींतून प्रवाह वाहतो व तिथे तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ‘संपलेला’ म्हणून फेकलेला घटही यासाठी पुरेसा असतो. त्याचा दाब रोधकावाचून अजून ३ व्होल्ट होता, हे आठवते ना? घट काढताच त्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी त्याला तत्काळ रुग्णालयात न्या.

सोडवून पाहा

अ) दोन्ही किल्ल्या बाजारात चालत नाहीत, घरी दोन्ही चालतात.
आ) किल्ली जवळून चालते. नवा घट घातला तरी पल्ला वाढत नाही. दुसऱ्या किल्लीचा पल्लाही तितकाच कमी आहे.
इ) नवा घट घातला, लाल दिवा लागतो, पण मोटार हलत नाही. दुसरी किल्ली उत्तम चालते.

उत्तरे : (अ) वाटेत गोंगाट, दोष बाजारातल्या त्या जागेत. (आ) मोटारीला कमी ऐकू येते. तिच्या अँटेनाची जोडणी तपासावी आणि नव्याने बसवलेली उपकरणे काढून पाहावीत. (इ) पहिल्या किल्लीचा प्रक्षेपक तरी बिघडला आहे किंवा तिची ओळख तरी पुसली गेली आहे. या दोहोंतून निवड करण्यासाठी ४३३ मेगाहर्ट्झचा ग्राहक-संच वापरा. संदेश निघत असेल तर ओळख पुन्हा करून द्यावी. नवी किल्ली घेण्याचे कारण नाही.

या साऱ्या तपासणीत आपण एक नियम कसोशीने पाळला आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहून ठेवायचे. घट, जागा आणि किल्ली ही तिन्ही एकदम बदलली आणि दार उघडले, तर दार उघडेल खरे, पण दोष कुठे होता ते कधीच कळणार नाही. आणि जो दोष कळला नाही तो परत येतो.

ही रीत मोटारीपुरती नाही. शेतावरचा पंप चालू झाला पण पाणी येत नाही, अशी तक्रार आली तर तिथेही साखळी मांडा : वीज, फ्यूज, स्टार्टर, मोटर, पंप, तळाची झडप. मधल्या कडीपासून तपासायला लागा. अर्धी साखळी एका प्रश्नात वगळता येते हे तुमच्या लक्षात येईल, आणि मिस्त्री येण्यापूर्वी तुम्ही घरच्यांना निदान एवढे तरी खात्रीने सांगू शकाल, की दोष कुठे नाही.